सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी वहिनी

वहिनी,

लोक तुला भाग्यवान म्हणताहेत. तू गेलीस त्याला आज पंधरा दिवस झाले, आणि सौसरच्या आपल्या अंगणात बसायला आलेल्या बहुतेक बायांनी हेच सांगितलं. "कुंकवासंगं गेली व, भाग्याची होती." हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, नवऱ्याच्या खांद्यावर गेली, बाईला आणखी काय पाहिजे? मी चटईवर बसून दात आवळून ऐकत होते. नवव्या दिवशी मात्र तोंडातून निघालंच. म्हटलं, "एक्कावन वर्षांची होती. अंगात रक्त नव्हतं म्हणून मेली. यात भाग्य कुठं दिसून राहिलं तुमाले?" मग एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाकीच्यांना समजावलं, "बेबीले दुख सहन नाई होऊन राहिलं." दुःख होतंच, पण त्या वेळी बोलला तो राग होता. तो अजून उतरलेला नाही, आणि त्यातला निम्मा तुझ्यावरच आहे, म्हणून हे तुलाच लिहिते आहे.

भाग्यवान म्हणून झालं की पुढचा शब्द ठरलेला, अन्नपूर्णा. "किती मानसं जेवली असतीन तिच्या हातचं!" जेवली ना. मीही जेवले. लग्न होऊन पांढुर्ण्याला गेले तरी दर सणाला माहेरी यायचं, पहिल्या पंगतीत बसायचं आणि तव्यावरून थेट ताटात आलेली पोळी मोडायची. तू मागून येऊन तूप घालायचीस. "आणखी एक घे व, पांढुर्ण्याले कोन देते तुले गरम?" आणि मी घ्यायचे. ही अन्नपूर्णा स्वतः कधी जेवते, काय जेवते, हा प्रश्न तेव्हा एकाही जेवणाऱ्याला पडला नाही. आणि तू गेल्यावर त्याच माणसांना तुझ्या हातच्या चवीची आठवण येऊन रडू फुटतं. मला त्या रडण्याचीही चीड येते, काय करू?

बगीच्यात तोडा सुरू होता. संत्री तोडणाऱ्या माणसांच्या भाकरी थापता थापता तू परातीवर ओणवी झालीस, ती उठली नाहीस. नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं तुझी पापणी खाली ओढून पाहिली, नख दाबून पाहिलं, आणि रिपोर्ट यायच्या आधीच त्याचा चेहरा उतरला. मग रिपोर्ट आला. बाईच्या अंगात रक्ताचा आकडा बाराच्या आसपास पाहिजे, तुझा साडेतीन होता. बाटल्या लावल्या, पण इतकी वर्षं पाण्यासारखं रक्त ओढून ओढून तुझं हृदय थकलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते थांबलं. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "हे एका महिन्यात होत नाही. वर्षं लागतात. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. "बेबी, तू तं याच खात्यातली न?"

हो, याच खात्यातली. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. तिगावपासून आतल्या गावांपर्यंत फिरते, भिंतीवर तक्ता लावते आणि बायांना सांगते की ताटात तीन रंग पाहिजेत, पालेभाजीवर लिंबू पिळा, फुटाण्यासंगं गूळ खा, जेवण झाल्या झाल्या चहा पिऊ नका, तो लोह अंगाला लागू देत नाही. माझं बोलणं बायांना आवडतं. मी हसवते, दटावते, सासवांना पुढं बसवते. आणि चार वर्षांपूर्वी माहेरी आले असताना मी तुझीही पापणी ओढून पाहिली होती, आठवतं? आतून पांढरट होती. मी म्हटलं, "वहिनी, जांच करून घे." तू म्हणालीस, "माह्याले काय होते वो? मी तं दगड हाव." मी पुढच्या खेपेपासून दर वेळी लोहाच्या गोळ्या आणून दिल्या आणि मोकळी झाले. तुला हाताला धरून दवाखान्यात नेलं नाही. सांगणं एवढंच माझं काम, असं नोकरीनं अंगवळणी पडलं होतं. दादाला उत्तर देण्याऐवजी मी त्याच्यावरच ओरडले. तू तीस वर्षं तिनं वाढलेल्या ताटावर बसतोस, तुला डोळे नव्हते का, म्हणाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात, परक्या लोकांसमोर. ते बरोबर होतं, पण पुरतं नव्हतं.

पुरतं कसं असेल? सुरुवात तर माझ्यापासून आहे.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी सहावीत होते. आई होती तेव्हा. तिचा नियम होता, आधी माणसं, मग लेकरं, बाया मागून, आणि सून सगळ्यांत मागून. तुझा पहिलाच आठवडा असेल. दुपार कलली होती, बगीच्यात पाणी फिरवायला गेलेले बाबा अजून जेवायला आले नव्हते, म्हणून घरातली चूल तशीच थांबलेली. मी शाळेतून आले आणि पाणी प्यायला आत गेले, तर तू ज्वारीच्या कोठीमागं उभी राहून मिठासंगं भाकरीचा तुकडा खात होतीस. मला पाहून तू ओठांवर बोट ठेवलंस आणि हसलीस. एकोणीस वर्षांची पोर होतीस. मला फार गंमत वाटली. मी धावत अंगणात गेले आणि आईला सांगितलं, "वहिनी चोरून खाऊन राहिली!" आई काही ओरडली नाही. दारातून एवढंच म्हणाली, "आमच्या घरी असं नसते, बाई." त्यानंतर तू कधी कोणाच्या आधी जेवली नाहीस. आई गेल्यावरही नाही, घर तुझ्या हातात आल्यावरही नाही.

ती चुगली तू कधी बोलून दाखवली नाहीस. उलट त्याच संध्याकाळी माझ्या वेण्या घालून दिल्यास. मी मोठी झाले, शिकले, लोकांच्या सासवांना शहाणपण सांगायला लागले, आणि तुझी माफी मागायची राहिली. मागेन मागेन म्हणत होते असंही नाही, विसरलेच होते. तुझ्या तोंडात गंगाजळ घालताना आठवलं. वहिनी, मला माफ कर. मी लहान होते, हे खरं आहे, पण ते फार दिवस खरं नव्हतं.

आपली भांडणं चहावरून व्हायची. तू दुपारी दोनदा, जेवणाच्या वेळेला तिसऱ्यांदा, असा काळा कडक चहा प्यायचीस. मी म्हणायचे, हा चहा तुझं रक्त पिऊन राहिला. तू म्हणायचीस, "चहा पेला का भूक मरते, मंग घाई नसते." याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. मी तुला चहातल्या द्रव्यांवर भाषण दिलं. आणि उपास! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आठवड्यात तुझे जेवायचे दिवस उरायचे किती? जेवायच्या दिवशीही काय, तर तळाची भाजी, करपलेली पोळी, दादाला बीपी म्हणून केलेलं आणि त्यानं बाजूला सारलेलं आळणी वरण. संत्र्यांचंही तेच. पेट्या भरून गेल्या की तू झाडाखाली गळून पडलेली गोळा करायचीस आणि किडका भाग काढून उरलेल्या फोडी खायचीस. म्हणायचीस, "चांगलं कायले खराब करा?" बगीच्याच्या मालकिणीनं चांगलं फळ खाल्लं तर ते खराब होतं, हे गणित तुला कोणी शिकवलं?

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. तू तांदूळ निवडताना कच्चे दाणे चघळायचीस. मूठमूठ. घरात त्याची थट्टा होती. तांदूळ कमी भरले की दादा म्हणायचा, "उंदरानं नाई, तुह्या वहिनीनं खाल्ले." तुझा प्रफुल म्हणायचा, "आईचे डोहाळे काही संपत नाही." आणि तू खुदखुदायचीस, पदरानं तोंड झाकून. मीसुद्धा हसले आहे त्यावर, पोट धरून. कच्चे तांदूळ, माती, खडू खावासा वाटणं ही रक्त कमी झाल्याची खूण असते, हे माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. बाहेरच्या बाईनं सांगितलं असतं तर मी तिला त्याच दिवशी गाडीत बसवलं असतं. तू आपली होतीस, म्हणून मी हसले.

दहाव्या दिवशी मी रोशनीला विचारलं. ती घरात येऊन वर्ष होत आलं, आता पाचवा महिना. तुझी सून आहे म्हणून नाही, पण पोर खरंच गुणाची आहे, खोटं बोलत नाही. म्हटलं, "मी दर खेपेला गोळ्या आणून देत होते, त्या तुझ्या सासूनं घेतल्या तरी का?" ती खाली मान घालून मागच्या अंगणात गेली. मी मागोमाग. मोरीच्या पाण्यावर तू लावलेलं संत्र्याचं कलम आहे ना, त्याच्याकडे बोट दाखवलं. "याले टाकत होत्या, आत्याबाई. पानं पिवये पडून राहिले होते म्हने. शिरा हिरव्या अन् पान पिवयं. त्या म्हनल्या, याले लोहा कमी पडला."

मी तिथंच दगडावर बसले. हसू की रडू, कळेना. वहिनी, हे आपल्याच मुलखातल्या बाईला सुचावं! लोधीखेड्यापासून इथपर्यंत कोणत्याही बगीच्यावाल्याला विचार, पानाकडे दुरून पाहून तो सांगेल की झाडाला काय कमी पडलं. दादा तर पंधरा पावलांवरून ओळखतो. मागच्या वर्षी एका ओळीची पानं फिकी पडली, तर आठ दिवसांत हिराकस, म्हणजे लोहाचंच खत, आणून त्यानं झाडांना दिलं. त्याला लोह म्हणजे काय हे ठाऊक आहे. कमी पडलं तर रंग जातो, हेही ठाऊक आहे. आणि तूही ते त्याच्याकडूनच शिकलीस, आणि शिकून काय केलंस तर आपल्या वाट्याचं लोह कलमाच्या आळ्यात पुरलंस. पिवळं पान त्या घरात सगळ्यांना दिसत होतं. तुझ्या गालांवरून, ओठांवरून, तळहातांवरून रंग उतरत गेला, तेव्हा दादा म्हणायचा, "वय झालं आता, उन्हात राबते, सुकली."

रोशनीनं पुढचंही सांगितलं. गोळी घेतली की तुला मळमळायचं, पोटात आग पडायची. मी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं ना, 'जेवणानंतर'. तुझं जेवण साडेतीनला, तेही झालं तर. तू सकाळी चहासोबत घेऊन पाहिलीस, ओकलीस, आणि सोडलीस. शिवाय दोन वर्षांपासून पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नव्हती. हे तू सुनेला सांगितलंस, मला नाही. तिनं दवाखान्याचं काढलं तर म्हणालीस, "या उमरीत होतेच. तोडा होऊन जाऊ दे, मंग पाहू." तोड्यामागून तोडा होत गेला. मला फोनवर सांगितलं असतंस तर? इथं माझा तुझ्यावरचा राग परत उसळतो. मी नणंद असले तरी वैरीण नव्हते. पण मग आठवतं, फोनवर तू बोलायला लागलीस की मी म्हणायचे, "वहिनी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते."

एकदाच तू नेटानं फोन धरून ठेवला होतास. रोशनीला दिवस गेले तेव्हा. "सांग बेबी, तिले काय काय देऊ?" मी तक्त्यावरचं सगळं बोलले आणि तू मधूनमधून थांबवून परत विचारलंस. गोळी कधी, चहा किती वेळानं, पालकावर लिंबू की संत्रं चालते. मला वाटलं, ऐकलं असेल एका कानानं. रोशनी सांगते, तू रोज सकाळी सैपाकघराचं दार लोटून तिला आधी बसवायचीस. भाजी-पोळी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, आणि पेटीतलं चांगलं संत्रं सोलून, गळून पडलेलं नाही. दारात स्वतः उभी राहायचीस, कोणी आलं तर कळावं म्हणून. तिच्या मागच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये रक्त साडेअकरा आहे. माझ्या हाताखालच्या गावांत असा रिपोर्ट पाहिला की मी कार्यकर्तीची पाठ थोपटते. वहिनी, म्हणजे तुला सगळं कळत होतं. माझा एकेक शब्द तू ऐकला होतास. माझ्या सगळ्या नोकरीत माझं इतकं नीट कोणी ऐकलं नसेल, आणि हे मला तू नसताना कळावं!

तेरवीला तुझं पान वाढायचं होतं. भटजी म्हणाले, गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी असू द्या. दादानं माझ्याकडे पाहिलं, मी प्रफुलकडे, प्रफुलनं बायकोकडे. दादा म्हणाला, "तिले सारंच आवडे." प्रफुल म्हणाला, "आलूबोंडे?" ते त्याला आवडतात, तुला नाही. मी बत्तीस वर्षं आठवून पाहिली. तू मला पुरण करून घातलंस, दादाला पाटवडी, प्रफुलला आलूबोंडे. तुझं काय? रोशनी हळूच म्हणाली, "मी आईले जेवताना कधी पाह्यलंच नाई." शेवटी सैपाकात होतं ते सगळं थोडं थोडं वाढलं, वडे, कढी, वरण, भात, शिरा. ताजं, गरम, पहिल्या वाफेचं, भरलेल्या घरात सगळ्यांच्या आधी. पंगत तुझ्या पानासाठी थांबली होती. दादा हात जोडून रडत होता, खरं रडत होता, तो वाईट माणूस नाही. मला मात्र ते पान पाहवेना. मी उठून मागच्या दारी गेले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं मला पांढुर्ण्याला परतायचं होतं. पाहुणे गेले होते, घरात आम्ही चौघंच. तू गेल्यापासून काय चाललं होतं ते मी पाहत होते. चौथ्या दिवसापासून रोशनी शेवटी जेवायला लागली होती. कोणी सांगितलं नव्हतं. सैपाकघराचं दार आता लोटायला कोणी नव्हतं, आणि पाचवा महिना लागलेली पोर तीन-तीन वाजेपर्यंत चहावर होती. त्या दुपारी तिनं दादाचं ताट घेतलं, प्रफुलचं घेतलं, आणि परत पोळ्या लाटायला बसली. मी तिच्या हातातलं बेलणं काढून घेतलं. तिचं ताट वाढलं आणि बाहेर आणून दादाच्या समोर ठेवलं. तिला दंडाला धरून आणलं आणि बसवलं.

"आत्याबाई, नका ना," ती रडवेली झाली. "मामंजी बसले हायेत."

दादा दचकला. "अरे, जेव ना मग. कोन नाई म्हनते?"

इथं माझा तोल गेला, वहिनी. "कोणीच नाही म्हणत, दादा! वहिनीलेही कोणी नाही म्हणलं नव्हतं. तीस वर्षांत 'जेव' तरी म्हणलं का कोणी? तू म्हणलास? मी म्हणले? हिच्या पोटात तुझा नातू हाये का नात, मले माहीत नाई, पन मी पुढच्या बुधवारी येऊन हिची पापणी पाहीन. दर बुधवारी येईन. तुले चालत नसेल तं आता सांग."

दादानं पोळीचा तुकडा मोडला. प्रफुल ताटाकडे पाहत राहिला. रोशनीनं पहिला घास घेतला, मग दुसरा. चार घास झाले नसतील, तर दादानं सवयीनं हात पुढं केला आणि म्हणाला, "पानी."

ती उठायला लागली. मी तिचं मनगट दाबून धरलं आणि तिला पाटावर तसंच बसवून ठेवलं. दादानं आमच्याकडे पाहिलं, हातातला घास ताटात ठेवला आणि उठला. सैपाकघराच्या दारात जाऊन थांबला. या घरात जन्मलेला, साठीला आलेला माणूस, मान वळवून विचारत होता, "गिलास कुठं रायतेत?"

रोशनीनं तोंड उघडलं. मी मानेनंच नको म्हटलं.

"शोध," मी म्हटलं.

आतून डबे सरकवल्याचे, फळीवरची भांडी हलवल्याचे आवाज येत राहिले. एक झाकण खाली पडलं, घरंगळत गेलं. वहिनी, त्याला ग्लास सापडायला बराच वेळ लागला. तोवर तिच्या दोन पोळ्या खाऊन झाल्या होत्या.